एफ-एकवरची हिरवी चौकट

पहिल्यांदा एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये कुणी शहाणपणा शिकवायला नको. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. मैंदर्गी गावात वाढलो. तिथल्या चिंचेवर काय आहे आणि विहिरीत काय आहे हे लहानपणी पोटभर ऐकलं, आणि दर वेळी सांगणाऱ्याची टर उडवली. आई दृष्ट काढायला लागली की मी उठून बाहेर जायचो. असला माणूस आज इथे लिहायला बसलाय, कारण बायको म्हणते "रजा घ्या", मित्र म्हणतो "डॉक्टर गाठ"... आणि मला हे कुठेतरी एकदा ओळीनं सांगून टाकायचंय.

सोलापुरात एका तीन स्क्रीनच्या थिएटरात मी ड्यूटी मॅनेजर आहे. नाव सांगत नाही, नोकरी आहे अजून. पूर्व भागात पूर्वी एक जुनं टॉकीज होतं, ते पाडून त्याच जागेवर हे उभं राहिलं — खाली दुकानं, वर आम्ही. पूर्वी म्हणे रिळांच्या पेट्या एस.टी.नं यायच्या. आता सिनेमा सर्व्हरवर उतरतो आणि तो उघडायची किल्ली म्हणजे एक फाईल, ती मेलवर येते. ती नाही आली तर बाहेर पब्लिक कितीही बोंबलू दे, पडदा काळाच. तिकीट ॲपवर, सीट ॲपवर, दारात मोबाईल दाखवला की आत. कोणती सीट आधी जाते, मंगळवारी कोण येतं, इंटरव्हलला पॉपकॉर्न कोण घेतं, सगळं माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. "माणूस खोटं बोलेल, आकडा बोलत नाही" हे माझं ठेवणीतलं वाक्य. स्टाफ माझ्यामागे माझी नक्कल करायचा.

स्टाफमध्ये एक नरसय्यामामा होते. दोन नंबर स्क्रीनचे डोअरकीपर. जुन्या टॉकीजलाही तेच दारावर उभे असायचे, म्हणून नव्यात त्यांना घेतलं होतं. साठीचे, किडकिडीत, घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. कमरेला एक जुनी, पितळी रंगाची टॉर्च. आता पायऱ्यांना पट्टीचे दिवे असतात, लोक मोबाईलचा उजेड करून आपली सीट शोधतात, टॉर्चचं काय काम? मी दोनदा म्हणालो, "मामा, ती ठेवा की घरी." ते नुसतं हसायचे. रोज बाराचा शो सुटायच्या आधी पाच मिनिटं मामा आत जाऊन भिंतीकडेनं खाली उतरायचे आणि परत यायचे, एवढं मी बघितलं होतं. म्हातारा माणूस, असेल सवय, म्हणून सोडून दिलं.

दिवाळीनंतर हेड ऑफिसनं हॉलमध्ये डोकी मोजणारे कॅमेरे बसवले. छतात, अंधारातही दिसणारे. तिकिटं किती आणि डोकी किती, दर मिनिटाला आकडा. आम्हाला फक्त आकडा दिसायचा, चित्र बघायची परवानगी वरच्यांकडे.

पहिल्याच दिवशी दोन नंबरला, बाराच्या शोला — तिकिटं एकेचाळीस, डोकी बेचाळीस.

म्हटलं, नवीन मशीन आहे, होतं असं. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसला एकोणतीस. तिसऱ्या दिवशीही एक जास्त. बाकीच्या दोन स्क्रीनला चोख. दोन नंबरलाही संध्याकाळी चोख. फक्त बाराच्या शोला एक डोकं जास्त, रोज! टेक्निशियननं कॅमेरा बदलला. तरी तेच. मी स्वतः अंधारात जाऊन मोजून बघितलं, पण माणसं वाकतात, मुलं मांडीवर, दर वेळी वेगळाच आकडा यायचा. शेवटी हेड ऑफिसचा मेल आला : या शोला दारावर कायम एकच कर्मचारी असतो, चौकशी करा.

मामांना केबिनमध्ये बोलावलं. ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"मामा, सरळ विचारतो. बाराच्या शोला कुणाला बिनतिकिटाचं आत सोडता का?"

मला वाटलं होतं चिडतील, शपथा घेतील. मामा सरळ म्हणाले, "व्हय. सोडतो."

"किती जण?"

"एकच. रोज."

"कोण आहे तो?"

"भाऊ हाय माजा. सख्खा. इतक्या वर्षांत दुसरं कुनाला फुकट सोडलं असंल तर जीभ झडंल माजी."

मी एवढंच टाईप केलं : कर्मचाऱ्याने कबूल केले. खाली एक रकाना होता, 'जबाबदार कर्मचारी', त्यात त्यांचं नाव घातलं आणि सही केली. पुढे एकही प्रश्न विचारला नाही. आकडा बरोबर निघाला याचाच आनंद जास्त झाला होता, काय सांगू तुम्हाला.

तिसऱ्या दिवशी त्यांना काढल्याचा मेल आला. मामांनी कुरकुर केली नाही. युनिफॉर्मचा शर्ट घडी घालून टेबलावर ठेवला, त्यावर टॉर्च ठेवली आणि म्हणाले, "सर, ही र्‍हाऊ द्या हितंच. शो सुटायच्या आत त्याला उठवत जावा. एफ-एक. न्हाईतर ऱ्हातो तसाच."

मी म्हणालो, "मामा, आता तुमच्या भावाला आत कोण सोडणार?"

मामांनी हात जोडले. गेले.

त्यांच्या जागी आपोआप उघडणारं गेट बसलं. कोड दाखवला की उघडतं, नाहीतर नाही. शुक्रवारी नवा सिनेमा लागला. बाराचा शो, दोन नंबर. तिकिटं त्रेसष्ट. मी टेबलाशी बसून होतो... डोकी चौसष्ट.

गेटमधून तर त्रेसष्टच गेले होते! शो सुटला, लोक बाहेर आले, आकडा भराभर उतरला. वीस, नऊ, तीन, एक. आणि एकवर थांबला. सफाईवाल्या बाई झाडून, पोती बांधून बाहेर आल्या, तरी एक. हॉल रिकामा झाल्याशिवाय सिस्टीम पुढचा शो लावू देत नाही, तशी सोयच आहे, कुणी आत कोंडला जाऊ नये म्हणून. मी माझा पासवर्ड टाकून पुढचा शो लावला. शनिवारीही तसंच. रविवारीही. रविवारी संध्याकाळी घरी ताट पुढे आलं आणि तसंच सारून उठलो. सारखं एकच डोक्यात — मी सही केलीय.

सोमवारी हेड ऑफिसच्या मागे लागून चित्राची परवानगी मिळवली. कॅमेरा प्रत्येक डोक्याभोवती हिरवी चौकट काढतो. शो सुटलेला, दिवे लागलेले, सगळा हॉल रिकामा... आणि भिंतीच्या कडेला एफ रांगेतल्या पहिल्या सीटवर एक हिरवी चौकट. तिच्या आत काही नाही. नुसती सीट.

त्याच दुपारी मामांचं घर गाठलं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्यांची मुलगी पद्मा शाळेचे युनिफॉर्म शिवत होती. मामा मला बघून उठून बसले, "पद्मा, सरांना चा ठेव" म्हणाले. माझं लक्ष भिंतीवर गेलं. मिशीवाल्या एका तरुण माणसाचा फोटो, प्लॅस्टिकचा हार, हारावर धूळ.

"हाच की माजा भाऊ," मामा म्हणाले. "मल्लय्या अन्ना."

मी खुर्चीत बसलोच.

अन्ना गिरणीत रात्रपाळीला होते. सकाळी सुटायचे, पण घरी एकच खोली, त्यात दहा माणसं आणि विणायचा माग चालू, झोपणार कुठे? मामा तेव्हा टॉकीजला नवीन लागले होते. दुपारच्या शोला भावाला गपचूप भिंतीकडच्या खुर्चीत बसवायचे, तिथे गार लागायचं. अन्नांनी पडद्याकडे कधी बघितलं नाही, बसले की झोपले. तीनला दुसरीकडे कारखान्यात कामावर जायचं असायचं, म्हणून शो सुटायच्या आधी मामा टॉर्च मारून उठवायचे.

"एक दिस लई गर्दी हुती," मामा सांगत होते. "हाऊसफुल. दारावर मारामारी. इसरलो सर मी. तीनचा शो पन चालू झाला. कोन तर माणूस आला म्हनला, माज्या शीटवर एक जन झोपलाय, उठंना झालाय. गेलो पळत, टॉर्च मारली..." मामांनी हात नुसता हलवला. "डॉक्टर म्हनला, हार्ट. जाऊन अर्धा-पाऊण तास झाला म्हनला. म्हंजी मी येळंवर गेलो असतो तर."

शिलाई मशीन केव्हाच थांबलं होतं. पद्मा खाली बघून दोरा गुंडाळत बसली होती.

तेव्हापासून मामा रोज त्या खुर्चीला उठवत होते. टॉकीज पाडलं तेव्हा महिनाभर जेवण गोड लागलं नाही म्हणाले, कारण अन्ना आता बसणार कुठे? नवीन हॉल झाला, मामा आत गेले, भिंतीकडेनं अंदाज घेतला. एफ-एक.

"पण मामा," मी म्हणालो, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं, माणूस सोडता का. सोडतो म्हनलो. खोटं कशाला बोलू?" मग थांबून हळूच म्हणाले, "पर मला काय ठावं नव्हतं सर, तो खरंच येतोय म्हनून. मी आपला सवयीनं जायचो. तुमच्या मशीननंच पयल्यांदा सांगितलं की."

आणि तो माणूस रडायला लागला. नोकरी गेल्याबद्दल नाही हो. बरं वाटलं म्हणून.

मी हेड ऑफिसला लिहिलं की कॅमेऱ्यात दोष आहे, कर्मचाऱ्याला परत घ्या. उत्तर आलं : कबुलीजबाब फाईलमध्ये आहे. माझीच सही असलेला. आता त्यावर काय बोलणार, सांगा.

दुसऱ्या दिवशी बाराचा शो सुटला. आकडा एकवर अडकला. मी ड्रॉवरमधून टॉर्च काढली आणि आत गेलो. दिवे सगळे लागलेले, भरदुपार, तरी मी भिंतीला हात लावत उतरलो. आमच्या सीटना स्प्रिंग आहे, माणूस उठला की बूड आपोआप वर मिटतं. अख्खी रांग मिटलेली होती. एफ-एक उघडी होती.

त्यांच्या घरून निघताना मामांनी शिकवलं होतं तसं टॉर्च खाली, पायाशी मारली. तोंडावर मारायची नाही, दचकतो म्हणाले होते. मला तेलुगू येत नाही, घोकून गेलो होतो. "लेव्व अन्ना, टैम अयिंदि." ऊठ दादा, वेळ झाली.

सीट खटकन मिटली.

कसा बाहेर आलो माहीत नाही. टेबलावर आकडा शून्य होता.

त्यानंतर अडीच महिने मी रोज गेलो. सुट्टीच्या दिवशीही बायकोला काहीतरी थाप मारून यायचो. भीती गेली नाही, आजारपणासारखी अंगवळणी पडली. रोज संध्याकाळी मामांना फोन करायचो. ते एकच विचारायचे, "उठला का?" मी म्हणायचो, "उठले." "बरं झालं," म्हणायचे आणि ठेवायचे. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

मग तो गुरुवार. शो सुटायच्या वेळेला हेड ऑफिसचा कॉल सुरू होता आणि संपता संपेना. घड्याळ पुढे सरकतंय... कॉल तसाच तोडला, टॉर्च घेतली आणि आकडा बघितला. शून्य. हॉलमध्ये पळत गेलो. एफ-एक मिटलेली.

मी उठवलं नव्हतं.

परत येऊन रेकॉर्डिंग लावलं. लोक बाहेर पडतात. दिवे लागतात. एफ-एकवर नेहमीची एक हिरवी चौकट. आकडा, एक. मग भिंतीकडेनं, पायऱ्यांवर, दुसरी चौकट उमटते. आकडा, दोन. ती सावकाश खाली उतरते, एफ-एकपाशी थांबते. थोड्या वेळानं दोन्ही चौकटी बरोबरच वर चढत दारापर्यंत जातात. शून्य. गेटच्या नोंदीत त्या वेळेला काहीही नाही.

मी ते तिसऱ्यांदा बघत होतो तेव्हा पद्माचा फोन आला. मला काय ते आधीच कळलं होतं. "सर, बाबा गेले," ती म्हणाली. "दुपारी झोपले होते. एकदम उठून बसले, टॉर्च कुठाय विचारलं, आणि गेले."

त्या दिवसापासून दोन नंबरचा आकडा चोख आहे. बाराला जेवढी तिकिटं तेवढी डोकी. टेक्निशियनला रेकॉर्डिंग दाखवलं. तो म्हणतो दुपारी उन्हानं छत तापतं, सेन्सर गडबडतो. मग रोज एकाच सीटवर? आणि त्याच दिवशी दोन? मी अजूनही म्हणत नाही की असलं काही असतं. मी फक्त काय झालं ते सांगतोय.

एकच गोष्ट राहिली. त्या गुरुवारच्या शोला फरक एकावरून दोनवर गेला, म्हणून सिस्टीमनं आपणहून रिपोर्ट काढला : हॉलमध्ये विनातिकीट व्यक्ती, दोन. माझी सही झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. चार दिवस तसाच उघडा ठेवला होता. खाली तोच रकाना, जबाबदार कर्मचारी.

काल मी त्यात माझं नाव लिहिलं आणि सही केली. हेड ऑफिसचा मेल अजून आलेला नाही.