अक्कांची बिबडे-परिषद

२ एप्रिल. गच्चीवरच्या चुलीवर बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा ढवळायचा होता; मदतीला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. जळगावच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, त्यामुळे ढवळता ढवळता भाचीची परीक्षेची उजळणीही माझ्याच गळ्यात.

"मावशी, इटलीच्या फॅसिस्ट पक्षाची ती महापरिषद नेमकं करायची काय?"

"माना डोलवायची. बैठक हुकूमशहा बोलावणार, विषयही तोच ठरवणार. बोलावलीच नाही, तरी विचारणार कोण?"

"म्हणजे आपण," शेजारीण पुटपुटली.

अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या, गल्लीत सर्वांत वडील. कुणाच्याही घाट्यात मीठ त्यांनीच टाकायचं, आधी चव त्यांनी घ्यायची, मग बोटभर आमच्या तळहातावर, हा रिवाज. गेल्या वर्षी त्यांनी मीठ दोनदा टाकलं. "कसं शे?" विचारल्यावर आम्ही सगळ्या "एकदम बरोबर!" म्हणालो आणि वर्षभर पाहुण्यांना बिबड्यांबरोबर तांब्याभर पाणी देत राहिलो. आज ज्वारी माझी होती. आणि एकदा मीठ टाकून झालेल्या अक्का पुन्हा डब्याकडे वळत होत्या.

"शेवटी काय केलं मग परिषदेनं?" भाचीनं विचारलं.

"युद्ध हरायला लागल्यावर त्याच्याच माणसांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं. काही तासांतच राजानं त्याला अटक करवली."

एवढं बोलून मी डबा उचलला. "अक्का, मीठ पडलंय. हवं तर मत घेऊ."

शेजारणीनं घाट्यानं माखलेला हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी.

अक्कांनी कमरेवर हात ठेवले. "तुमी सल्ला द्या. मीठ मी टाकस."

"त्यालाही असंच वाटलं होतं," भाची म्हणाली.

"कोन तो?"

डबा माझ्याकडेच राहिला. बिबडे चांगले झाले.

३ एप्रिल. आज सकाळी शेजारणीचा घाटा होता. अक्का आल्या आणि सावलीत स्टुलावर बसल्या. मीठ मी टाकलं, चव मी घेतली, मग बोटभर सगळ्यांच्या तळहातावर ठेवलं.

"कसं आहे?"

"एकदम बरोबर, ताई!" सगळ्या एका सुरात.

अक्कांनी तळहात चाटला. "अळणी शे."

मी पुन्हा चव घेतली आणि आणखी मूठभर मीठ टाकलं. बाकीच्या अजून माना डोलवतच होत्या.