वरातीतून निवृत्त झालेली घोडी

नववीत असताना मी दर रविवारी शनिवार पेठेतून बसने हिंजवडीला घोडीचा खरारा करायला जात असे. तिथे कंपन्यांच्या दोन काचेच्या इमारतींमधली जमीन एका मावशींनी हट्टाने विकली नव्हती आणि तिच्यावर चार घोडे पाळले होते. आम्हा दहा-बारा मुलींना मावशी घोड्यावर बसायला शिकवत, नऊवारी नेसायला शिकवत आणि खरारा करताना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावत. "घोडीला गाणं कळतंय. तुमच्यावानी मोबाइल न्हाई तिच्याकडं," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या वाट्याला आली ती पांढरी घोडी पूर्वी लग्नाच्या वरातीत असायची. वय झालं म्हणून मालकाने ती मावशींना देऊन टाकली होती. घरी जेवताना मी तिच्याशिवाय दुसरं बोलत नसे. तिला गूळ कसा आवडतो, तो कसा भरवायचा, सगळं. बाबा पेपरमागे असत. एकदाच पेपर खाली आला.

"पुढच्या वर्षी दहावी. परीक्षेला घोडीवरून जाणार असाल तर सांगा, शाळेला खुंटा ठोकून ठेवायला सांगतो." मग सरळच म्हणाले, "पाडव्याच्या मिरवणुकीत घोडीवर बसणार आहेस ना, ती नीट पार पडली तर पुढचं बघू. तमाशा झाला तर रविवार बंद. मी काही बघायला येणार नाही, पण पेठेत बातमी आपोआप घरी पोचते."

मी फार घाबरले. वर्गात मला तोंड उघडायची भीती वाटे आणि घोडीवर बसलं की वाटत नसे, इतकं साधं होतं ते. रविवार गेला असता तर माझ्याकडे नुसती भीतीच उरली असती.

पाडव्याला घोडे टेम्पोतून पेठेत आले. मी नऊवारीत, डोक्यावर फेटा, नाकात चिमटे काढणारी नथ. अर्धा रस्ता झकास गेला. मग एका मंगल कार्यालयात सनईची रेकॉर्ड लागली आणि घोडी रांग सोडून वळली. थेट कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. मी लगाम ओढला, टाच मारली, ओवीसुद्धा म्हणून पाहिली. तेवढ्यात नवरीची आई ताट घेऊन लगबगीने बाहेर आली. दोनदा ओवाळून झाल्यावर तिने वर नीट पाहिलं.

"आमचे जावई चष्मा लावतात," ती शांतपणे म्हणाली.

मागून धावत आलेल्या मावशी म्हणाल्या, "नवरदेव दारात पोचला की हिला गूळ मिळायचा. आता घेतल्याबिगर हलायची न्हाई ती."

गूळ कुणाकडे असणार? लोकांकडे मोबाइल होते आणि ते सगळे माझ्याकडे रोखलेले होते. रविवार गेला, हे मला कळलं आणि मी नथीसकट रडायला लागले.

गर्दीच्या कडेला हेल्मेट घातलेला एक माणूस स्कूटरवर बसला होता. आमच्या पेठेत हेल्मेट घालतो तो पोलिसांना भितो, नाहीतर लपलेला असतो. त्याने डिकी उघडली, कागदाची पुडी काढली आणि येऊन घोडीपुढे हात धरला. तळहात सपाट, अंगठा आत. जेवताना मी सांगितलं होतं, अगदी तसाच.

घोडीने गूळ खाल्ला आणि मुकाट्याने रांगेकडे वळली.

"तमाशा झाला, बाबा," मी म्हणाले.

"झाला ना," हेल्मेटमधून आवाज आला. "रविवारी जाताना गूळ विसरू नकोस. मी दर वेळी येणार नाही."