'जयलक्ष्मी'चं नाव आज पुकारलं नाही

मंडळी, डिझेलची यादी डेटाबेसमधून काढणारी क्वेरी फार वेळ खाते म्हणून मी या फोरमवर रडगाणं गायलं होतं. तुम्ही म्हणालात, बंद होड्यांच्या नोंदी कशाला चाळतोस, व्हेअरच्या अटीत फक्त चालू होड्या घे आणि त्या कॉलमवर इंडेक्स लाव.

आज सकाळी तसंच केलं. चहा संपला तरी न येणारी यादी एंटर दाबताच आली. मालवणातल्या आमच्या मच्छीमार सोसायटीच्या खिडकीत उभा राहून मी खुशीत एकेका होडीचं नाव पुकारलं, डिझेलच्या चिठ्ठ्या दिल्या.

गर्दी पांगली तरी शेवंताकाकी जाईना. तिचा नवरा 'जयलक्ष्मी' घेऊन गेला तो वादळातून परतलाच नाही. होडीही नाही. ती सापडेपर्यंत तिचं नाव पुकारत राहायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कोणी ओ देत नाही, मी पुढचं नाव घेतो. काकी तेवढं ऐकते आणि घरी जाते.

नोंदींत त्या होडीपुढे 'बंद' होतं, म्हणून ती यादीतून गळली. माझ्या लक्षातच आलं नाही.

काकी खिडकीशी आली. चेहरा उजळलेला.

"झिला, आज नाव घेतलंस नाय. होडी गावली काय रे?"

"नाय गो काकी," मी म्हटलं. मग रिकाम्या अंगणाकडे बघत मी 'जयलक्ष्मी' पुकारलं. ती ऐकून घरी गेली.

ती अट मी काढून टाकलीय. क्वेरी पुन्हा रखडतेय. कोणालाही न वगळता ती वेगात चालवता येईल का, सांगाल?