बुटक्याची सुट्टी

"वहिनी, तुझे ते चौघेच खेळू देत. मी चहा टाकते," असं म्हणून माझ्या नणंदेने पेन्सिल टेबलावर आपटली आणि खरंच स्वयंपाकघरात निघून गेली.

मी बसले तशीच, हातात वीस बाजूंचा फासा घेऊन. आत्ताच तर मी केवढा भारी प्रसंग रंगवला होता! ड्रॅगन मेला, गाव वाचलं, घसा बसेपर्यंत मी ओरडले, आणि या बाईसाहेब चहा टाकतात? माझं डोकंच फिरलं. "नका खेळू मग! माझं काही अडलेलं नाही," मी आतल्या दिशेला ओरडले. चहा मात्र प्यायले, कारण आलं घातलं होतं.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट चालवतो, तो गेममास्टर. आमच्याकडे ती मी. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. "मी दार फोडतो," असं कोणी म्हणालं, की दार फुटलं की खांदा निखळला ते फासा ठरवतो; आकडा जितका मोठा तितकं नशीब चांगलं. उरलेली सगळी दुनिया, म्हणजे राजा, खाणावळवाली, दरोडेखोर, झालंच तर म्हैस, गेममास्टरने आपल्या तोंडाने उभी करायची. त्या पात्रांना एनपीसी म्हणतात.

आणि नियमांच्या पुस्तकात शेवटी नमुन्याचे चार हिरो तयार छापलेले असतात. ज्याला स्वतःचं पात्र बनवायचा कंटाळा त्याने ते उचलायचे. मोठी माणसं त्यांच्याकडे बघतही नाहीत. पण मी आणि दादा त्या चौघांवरच वाढलो. पुस्तक दादाने आणलं, तेव्हा मी कॉलेजातही नव्हते. खेळायला दोघंच, म्हणून दोन-दोन वाटून घेतले. माझ्याकडे चोरटी आणि वैद्यबुवा, त्याच्याकडे जादूगारीण आणि कुऱ्हाडवाला दाढीवाला बुटका. बुटका त्याचा जीव की प्राण. आई जेवायला हाक मारायची तर दादा बुटक्याच्या घोगऱ्या आवाजात "आलो, आधी हा राक्षस आटपतो," म्हणायचा आणि आईचा धपाटा खायचा.

मग दादाला मुंबईला नोकरी लागली. यायचा तो दोन दिवसांसाठी, त्यातला एक झोपण्यात आणि दुसरा फोनवर. खेळाचं नाव काढलं की "पुढच्या वेळी नक्की," म्हणायचा. लग्नानंतर पुस्तक माझ्याबरोबर इकडे सासरी आलं आणि बुटक्याची ताकद, हत्यारं टिपलेला दादाचा कागदही आला. मला एकच हवं होतं. कधी ना कधी दादा या टेबलाशी येऊन बसेल, तेव्हा त्याचा बुटका जिवंत असला पाहिजे.

म्हणून नवीन मंडळी जमल्यावर मी ते चौघे ड्रॉवरमध्ये टाकले नाहीत, एनपीसी केले. मंडळी तरी किती, तिघं! नणंद नर्स आहे, पण खेळात ती दरोडेखोर. म्हणते, आठवडाभर माणसं वाचवते, रविवारी तरी कोणाला तरी मारू दे. शेजारचे काका आंबेवाले. बागेत माकडं हाकलून हाकलून नेम पक्का झालाय, म्हणून ते तिरंदाज. आणि माझा कॉलेजातला मित्र, लांज्याला काजूच्या कारखान्यात असतो, तो नवशिका जादूगार. तो एसटीने येतो आणि त्याची परतीची गाडी सुटायच्या आत आमचं युद्ध आटपावं लागतं.

तर या तिघांच्या पुढ्यात मी माझे चौघे पराक्रमी उभे केले. कुलूप आलं की माझी चोरटी उघडणार. कोणी जखमी झालं की वैद्यबुवा हजर. ड्रॅगन आला की बुटक्याची कुऱ्हाड. त्या दिवशी तर ड्रॅगन मरेपर्यंत हे तिघं मशाली धरून उभे होते. मला मात्र वाटत होतं, काय मस्त चाललंय!

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. मित्राचा मेसेज, काजूचा माल आलाय. नणंदेने ड्यूटी मागून घेतली, मागून! काका तर आमच्यामधल्या दगडी गडग्यापलीकडेच होते, आरामात झावळ्या सोलत बसलेले. मी गडग्याशी गेले नि म्हटलं, "काका, तुम्हाला तर कामही नाहीये. मग आला का नाहीत?"

"राग नको मानू गो," काका म्हणाले. "पण तुझे ते चौघे म्हणजे आमच्या वाडीतले मुंबईकर. शिमग्याला येणार, पालखी कशी नाचवायची ते आम्हाला शिकवणार, आणि पालखी देवळात गेली की बॅगा भरून चालू पडणार. वर्षभर इथे राहतो कोण? आम्ही. आणि गोष्ट कोणाची? त्यांची!"

मी चिडून घरात आले. भांडी घासायला घेतली. अर्धी भांडी झाली असतील आणि मला हसूच फुटलं. अरे, मुंबईकर! हात पुसले आणि बसले लिहायला.

त्यानंतरच्या रविवारी तिघांनाही अक्षरशः धाक घालून बोलावलं. खेळातल्या गावात पालखीचा सण. खाडीत बोट लागली आणि बोटीतून कोण उतरलं? आमचे चौघे. राजधानीत नोकरी करतात आता, राजाच्या किल्ल्यावर. जादूगारणीने उतरल्या उतरल्या पदर नाकाला लावला. "इथलं पाणी जड आहे बाई, माझे केस गळतात." बुटका जेटीवरच सुरू झाला, "आमच्या राजधानीत असा रस्ता नसतो बरं का!"

काका खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. नणंदेचे डोळे चमकले. तिच्या दरोडेखोरणीने बुटक्याची बॅग उघडून आमच्यासाठी काय आणलंत ते बघायला घेतलं. मित्राच्या जादूगाराने तर वैद्यबुवांना गाठून आपल्या भाच्याला किल्ल्यावर नोकरीला चिकटवून द्यायची गळ घातली. मी काही सांगायच्या आत हे लोक पुढे! असा खेळ आमच्याकडे आजवर झालाच नव्हता.

आणि मग खाडीतून जनावर वर आलं. मगरीचं तोंड, खेकड्याच्या नांग्या, घराएवढं. तिघांनी माना वळवून चौघांकडे बघितलं. मी शांतपणे सांगितलं, "त्यांची सुट्टी संपली. बोट सुटतेय."

"काय?" नणंद उभीच राहिली. "आत्ता? आत्ता चालले? लाजा नाहीत का मेल्यांना?"

"पुढच्या वेळी नक्की, म्हणतायत," मी सांगितलं.

मग जे काही झालं! मित्र ओरडला, "चिरेखाणीत पाडू त्याला! जुन्या खाणीत पाणी साठलेलं असतं, कडेला भुसभुशीत असतं, घराएवढं धूड उभं राहायचंच नाही!" काकांनी बाण मारून मारून त्याला खाणीकडे वळवलं. नणंद त्याच्या शेपटीला लोंबकळली. फासा कपाटाखाली गेला तेव्हा आम्ही चौघंही जमिनीवर पालथे पडून बघत होतो. एकोणीस! जनावर धप्पकन खाणीत! काकू गडग्यापलीकडून विचारत्या झाल्या, कोणाला काही झालं काय? मित्राची एसटी त्या दिवशी चुकली आणि काकांनी त्याला बाईकवरून लांज्याला सोडलं.

दर थोड्या दिवसांनी चौघे सुट्टीवर यायचे, दर वेळी निघून जायचे. तिघं त्यांची वाट बघायला लागले, नावं ठेवायला लागले, आणि गाव स्वतः राखायला लागले.

आणि मग खऱ्या शिमग्याला दादा आला. पालखी आईच्या अंगणात येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "तुझ्याकडे रविवारी खेळता ना अजून? येऊ?"

येऊ? मी इतकी खूश झाले की पोह्यांत मीठ दोनदा घातलं. बुटक्याचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. दादाने घसा खाकरला आणि तो घोगरा आवाज लावला, तस्साच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काय सांगू.

बोट लागली. बुटका उतरला. आणि नणंदेने नेहमीच्या सवयीने तोंड सोडलं, "आले का राजधानीकर! या, चार दिवस अक्कल शिकवा आम्हाला आणि जनावर आलं की पळा!"

काका हसले, मित्र हसला. दादा जरा उशिराने हसला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "असा वाटतो मी तुम्हाला?"

"तू नाही रे, बुटका!" मी म्हटलं. पण माझं तोंडच सांगत असणार. तीन वेळा "पुढच्या वेळी नक्की" असं बुटक्याच्या तोंडी मीच घातलं होतं, आणि ते शब्द कोणाचे ते दादाला कळायला कितीसा वेळ लागतो? आता उठून जाईल, मला वाटलं, आणि परत कधी बसायचा नाही.

पण खेळ थांबवायचा कसा? पहिल्या जनावराची मादी खाडीतून वर आली, बांध फोडायला लागली. बोटीचं शिंग वाजलं. चोरटी चढली, वैद्यबुवा चढले, जादूगारीण चढली. टेबलाशी सगळे दादाकडे बघत होते.

"मी बोचकं खांद्यावरून उतरवतो," दादा म्हणाला. "बोटीला सांगा, जा म्हणावं."

नणंदेने अशी किंकाळी फोडली की माझा नवरा आतून धावत आला. दादाने फासा टाकला. सहा. बुटका चिखलात आपटला! काकांनी त्याला दाढीला धरून ओढून काढला, मित्राने उजेड पाडला, दरोडेखोरीण मादीच्या डोळ्यांवर बसली, आणि दुसऱ्या फेरीला सतरा पडले तेव्हा बांध वाचला. दादा उभा राहून लहान पोरासारखा नाचत होता, काका त्याच्या गळ्यात पडले होते. ज्याला ते तासाभरापूर्वी ओळखतही नव्हते!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची गाडी होती. स्टेशनवर मी बुटक्याचा कागद त्याच्या बॅगेत घालायला गेले, तर त्याने हात धरला. "तो राहिलाय ना तिथे? मग त्याला कुठे नेतेस? तूच चालव. मला जावं लागतं ग."

तेव्हापासून बुटका पुन्हा एनपीसी आहे, पण गावात राहतो. ड्रॅगन वगैरे मारत नाही. बांध दुरुस्त करतो, लोकांची कुलपं दुरुस्त करतो, आणि संध्याकाळी जेटीवर बसतो.

परवाच्या रविवारी नणंदेने खेळता खेळता त्याला विचारलं, "काय हो, राजधानीची आठवण येत नाही तुम्हाला?"

उत्तर मी द्यायचं होतं. मी सरळ दादाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि प्रश्न सांगितला. मागून कुठलातरी टीव्ही ऐकू येत होता. मग तो घोगरा आवाज आला.

"येते कधीतरी. पण तिथे आजारी पडलो तर दार वाजवणारं कोणी नाही."

काकांनी फासा खाली ठेवला. नणंद फोनकडे वाकली. आपल्या दरोडेखोरणीच्याच दमदार आवाजात म्हणाली, "बरं, बरं. हात धुवा आणि आत या. आज खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं केलंय."

मागचा टीव्ही बंद झाला.

"खोबरं जास्त घाल हां," दादा म्हणाला, त्याच्या स्वतःच्या आवाजात.