दुसरं नाव नाही

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गावात कोणी ना कोणी सांगणारच आहे. शहापुरात हायवेला लागून माझं सेतू केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, पासपोर्ट, म्हणाल तो फॉर्म भरून देतो. बोटं इतकी सरावली आहेत की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझं अर्धं पान भरलेलं असतं. वच्छलाबाई रामटेके यांचा कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म मी असाच भरला. 'याआधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होता का?' असा एक रकाना होता. मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "बाई, दुसरं नाव काही?" त्या म्हणाल्या, "नाही." मी 'नाही' दाबलं आणि पुढच्या पानावर गेलो.

वच्छलाबाई आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. तीस वर्षं त्यांनी गावची पोरं घरोघरून गोळा करून आणली, खिचडी शिजवली, नाकं पुसली. त्यात माझंही नाक होतं, आणि ही गोष्ट त्या चारचौघांत सांगायला चुकत नाहीत. नवरा केशवराव तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगी तृप्ती कॅनडात नर्स आहे. तृप्तीची लेक गुड्डी एक वर्षाची असल्यापासून आजीजवळ वाढली. पाच वर्षांची झाली तेव्हा तृप्तीने तिला तिकडे नेलं, आणि तिथे पोरीने बोलणंच टाकलं. शाळेत गप्प, घरात गप्प. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले की तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होते. त्या वेळी फोनवर आजी दिसली तरच ती चार घास खायची. डॉक्टर झाले, शाळेतल्या बाई झाल्या. शेवटी तृप्ती म्हणाली, "आई, तूच ये सहा महिने." म्हणून तो फॉर्म.

दोन महिन्यांनी व्हिसाऐवजी पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग बाईंना बोलावून घेतलं. नातं सिद्ध करायला तृप्तीचा जन्मदाखला जोडला होता. जोडणाराही मीच. त्यावर आईचं नाव होतं 'कचराबाई केशव रामटेके'. तिकडच्या अधिकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही वच्छला आहात, दुसरं नाव नाही असं लिहून देता, मग ही कचराबाई कोण? एकतर तुम्ही या मुलीच्या आई नाही, नाहीतर तुम्ही माहिती लपवली. तीस दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद.

"पाच वर्सात गुड्डी अकरा वर्साची होईन," बाई म्हणाल्या. "मले ओळखीन का तवा?"

मी विचारलं, "बाई, हे कचराबाई कोण होये?"

त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "मीच."

माहेर त्यांचं पवनी तालुक्यातलं कोंढा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तृप्तीची नोंद कोंढ्याच्या ग्रामपंचायतीत झाली. तिथल्या लोकांना ही पोरगी कचराच माहीत होती, त्यांनी तेच लिहिलं. लग्नात केशवरावांनी नाव बदललं. दीक्षा घेतलेल्या घरात असलं नाव चालणार नाही, माणसानं माणसाला कचरा म्हणायचे दिवस गेले, असं म्हणून त्यांनी वच्छला हे नाव ठेवलं, आणि त्या दिवसापासून बाईंनी जुनं नाव तोंडातून काढलं नाही. रेशन कार्ड, मतदान, आधार, सगळीकडे वच्छला. मी विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ते नाव उरलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात यावर एक हुकमी औषध आहे. 'सदर नोंद लिपिकाच्या नजरचुकीने झाली आहे.' या एका वाक्यावर मी अर्ध्या तालुक्याची नावं, वयं आणि बाप दुरुस्त केले आहेत. मी म्हटलं, "ग्रामपंचायतीची चूक म्हणून लिहून टाकू. तिथं कोण इचारायले बसलं आहे?" बाईंचा चेहरा लगेच मोकळा झाला. "तसंच लिव्ह," त्या म्हणाल्या. "ते नाव तिकडं कोणाले कायले सांगाचं?"

तोवर तृप्तीने तिकडे वकील गाठली होती. रीता मॅडम मूळच्या गोंदियाच्या, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. त्यांनी एक फॉर्म पाठवला. या केसमध्ये ही बाई माझ्या वतीने बोलेल, कागद देईल-घेईल, असा अधिकार देणारा. खाली अर्जदाराची सही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या व्हिडिओवर आल्या.

बाईंनी फॉर्म माझ्याकडून ओळ न् ओळ मराठीत ऐकून घेतला. मग मॅडमना विचारलं, "म्हंजे माझ्या जागी तुमी बोलान?"

"हो."

"अन् मी सांगीन तेच बोलान?"

"तुम्ही सांगाल तेच. पण खरं असेल तर. तुमच्या सहीनंतर तुमचं खोटं ते माझं खोटं होतं. माझं काम जाईल आणि तुमची केसही."

मी नजरचुकीची गोष्ट पुढे केली. मॅडम म्हणाल्या, तसं असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र आणा, मग बघू. सही तोपर्यंत राहिली.

आम्ही माझ्या गाडीवर कोंढ्याला गेलो. ग्रामसेवक भला माणूस होता, पण त्याने हात वर केले. बाईंच्या स्वतःच्या जन्माची नोंद दाखवा, तिच्यात हे नाव नसेल तर चूक म्हणता येईल. ती नोंद असते जुन्या कोतवाल बुकात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल त्यात लिहायचा. ती बुकं पवनीला, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. बहुतेक नोंदींत लेकराचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. मी मनातून खूश होतो. नाव नसलं म्हणजे आपलं काम झालं.

तिसऱ्या फेरीत बुक मिळालं. पानं हात लावला की तुटत होती, म्हणून तिथल्या कारकुनाने ती स्वतःच उलटली. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. चष्मा लावून, बोट वरच्यावर धरून त्या वाचायला लागल्या. बापाचं नाव सापडलं. मुलगा, नाव गौतम. पुढे काही पानांनी तोच गौतम, वय सात महिने, मयत, ताप. मग मुलगी सुमन, दीड वर्षाची, मयत, देवी. मग आनंदा, अकरा दिवसांचा, कारण लिहिलेलं नाही. त्यानंतर १९६२ सालच्या पानावर, त्याच बापाच्या नावापुढे, 'मुलगी, कचरा'.

मी हे काही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. लेकरं टिकत नसली की पुढच्याचं नाव मुद्दाम वाईट ठेवायचं, म्हणजे मरण त्याला हात लावणार नाही, अशी रीत इकडे होती. पण ऐकणं वेगळं आणि ती तीन नावं एकाखाली एक बघणं वेगळं. बाईंनी ती तिन्ही नावं पुन्हा एकदा वाचली. "माय एवढंच म्हने, तुह्याआधीचे टिकले नाही," त्या म्हणाल्या. "नावं कधी सांगतली नाही तिनं."

बाहेर कडुलिंबाखाली त्या बसल्या. मी पाण्याची बाटली दिली. नंतर काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की नाव निघालं खरं, पण नजरचुकीचं जमवता येईल, कारकून ओळखीचा आहे.

"चूक कोनाची लिहून राहिला तू?"

"ग्रामपंचायतीची."

"ग्रामपंचायतीनं मायनं ठेवलं तेच लिवलं. मंग चूक कोनाची झाली? माह्या मायची?" त्यांचा आवाज चढला नाही. "मले लाज वाटे त्या नावाची. पन चूक नाही होये ते."

मी त्यांना सरळ सांगितलं की खरं सांगण्यात धोका आहे. 'दुसरं नाव नाही' हे खोटं होतं, अशी ती कबुलीच होईल. अधिकाऱ्याच्या मनात आलं तर पाच वर्षं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मले. गुड्डी माही आहे का तुही?"

त्या संध्याकाळी त्यांनी वकिलाच्या फॉर्मवर सही केली. सोबतचं निवेदन त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. ते छोटंच आहे. 'माझ्या आईची तीन लेकरं मेली. मी जगावी म्हणून तिने माझं नाव कचरा ठेवलं. मी मान वर करून जगावी म्हणून नवऱ्याने वच्छला ठेवलं. दोन्ही मीच. पहिलं नाव लाजेपायी सांगितलं नाही, त्याची माफी मागते.' खाली मी माझंही एक शपथपत्र जोडलं, की प्रश्न मी घाईने विचारला, समजावून सांगितला नाही. माझ्या केंद्रातून गेलेलं, नजरचुकीचं वाक्य नसलेलं ते पहिलं शपथपत्र असावं. रीता मॅडमनी सगळं इंग्रजीत करून कोतवाल बुकाच्या नकलेसह पाठवलं.

सात आठवडे काहीच आलं नाही. बाई रोज केंद्रासमोरून जायच्या, आत यायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मी नाही म्हणून मान हलवली की पुढे जायच्या. एका मंगळवारी व्हिसासाठी पासपोर्ट पाठवा अशी मेल आली आणि मी उठून दारात गेलो, तेव्हा त्या पायरीवरच बसल्या.

व्हिसा लागून पासपोर्ट आला तेव्हा त्यांनी ते पान चष्मा लावून वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, "याच्यात वच्छलाच आहे. ते दुसरं काहून नाही?"

मी म्हटलं, "बाई, पासपोर्टावर जे नाव आहे तेच व्हिसावर येते. वच्छलाच तं जाऊन राहिली ना."

"होव, वच्छलाच जाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "पन कचरा नसती झाली, तं जायले उरलं कोन असतं?"