शेजारच्या दाराशी

ती दर रविवारी सकाळी मुंबईत आमच्या घोडपदेवच्या चाळीत यायची. कोकणातल्या एका छोट्या गावातल्या साप्ताहिकाची बातमीदार, पन्नाशीची, काटक बाई. माझ्या शेजारच्या काकांनी त्यांच्या गावातल्या खुनाच्या खटल्यात साक्ष दिली होती, आणि त्या साक्षीवर एक माणूस जन्मठेप भोगत होता. तिने दार वाजवलं की काका आतून कडी घालायचे. मग ती गॅलरीत भिंतीला टेकून बसायची आणि दुपारी निघून जायची.

एकदा चहा देताना मी विचारलं, "तो निर्दोष आहे, अशी खात्री आहे तुम्हाला?"

"नाही ना," ती कपावर फुंकर घालत म्हणाली. "खात्री असती तर घरी बसून लिहिलं असतं. नाही, म्हणून तर येते."

इतकी वर्षं काकांची आणि माझी भिंत एक. मी मात्र त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

गणपती गेले, दिवाळी आली, तरी ती येतच राहिली. एका रविवारी कडी निघाली. काका चौकट धरून उभे होते.

"त्या राती काळोख होतो, बाय. माका तोंड दिसलाच नाय. सगळे तोच म्हणत होते, म्हणून मीय म्हटलंय."

मला वाटलं, ती लगेच मोबाईल काढेल. तिने आधी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "कोर्टात सांगशात?"

काकांनी खुंटीवरचा सदरा काढला.

"सांगतंय. पण आधी जो जेलात आसा, तेच्या आयशीक सांगाक होया."