मुलुंड ते बोरिवली, एका लोकरीच्या उशीसाठी

लोक रजा काढून काश्मीरला जातात आणि परत आल्यावर शिकाऱ्यातले फोटो दाखवून बिल्डिंगला छळतात. मी डिसेंबरात एक दिवसाची किरकोळ रजा काढली आणि सासूबाईंना घेऊन मुलुंडहून बोरिवलीला गेले. फोटो नाहीत. पण तुमच्यापैकी कुणाला खऱ्या लोकरीची उशी घ्यायची असेल, तर वाट कुठून आहे आणि कुठे फसायला होतं, एवढं मी सांगू शकते.

आधी कारण सांगते, कारण ते माझ्याच अंगाशी आलेलं आहे. सासूबाई माणदेशातल्या. लग्नात त्यांच्या आईने दिलेली लोकरीची उशी घेऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या. मी मालवणकडची. आमच्याकडे उशी म्हणजे सावरीचा कापूस, आणि मळली तर सोडा घालून उकळायची, मग ती चादर असो नाहीतर खोळ. त्याच वर्षी जानेवारीत त्या भाचीच्या लग्नाला गावी गेल्या असताना मी मोठ्या प्रेमाने त्यांची उशी कढत पाण्यात बुडवली, धोपटली आणि पिळली. वाळल्यावर ती निम्मी झाली आणि विटेसारखी कडक झाली. सासूबाई परत आल्या, उशीवरून हात फिरवला आणि ती कपाटावर ठेवून दिली. अकरा महिन्यांत त्या विषयावर एक शब्द नाही. रोज रात्री हात उशाला घेऊन झोपायच्या. दुसरी कुठली उशी दिली की म्हणायच्या, "राहू दे, मान बुडती." आमच्या मालवणात अशा प्रसंगी सात घरांना ऐकू जाईल असं भांडण झालं असतं आणि संध्याकाळी मी मोकळी झाले असते.

आता प्रश्न नुसत्या झोपेचा राहिला नव्हता. त्यांच्या एका डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही उरलेलं नव्हतं, आणि दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललेलं. तिसरी तारीख पुढच्या बुधवारची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की नंतर तीन दिवस उताणं पडायचं, डोकं हलता कामा नये. हललं तर टाके जातील आणि डोळाही जाईल. सासूबाई म्हणाल्या, परक्या उशीवर डोकं थांबत न्हाई, तर कशाला कापाकापी. डॉक्टर म्हणाले, घरची उशी आणा, पण चपटी हवी, चार बोटांपेक्षा उंच नको. आमचे हे विक्रोळीच्या कारखान्यातून आल्यावर सगळं ऐकून म्हणाले, "स्पंजची आण ना, धुता तरी येते." धुण्याचा विषय त्यांनी काढायला नको होता.

तर आम्ही सकाळी आठला निघालो. मापासाठी ती वीट पिशवीत. नकाशात पाहिलंत तर मुलुंड आणि बोरिवली पाठीला पाठ लावून बसलेत, मधे फक्त डोंगर आणि जंगल. बिबट्याला सरळ जाता येतं. आपल्याला घाटकोपर, साकीनाका, अंधेरी असा वळसा घालावा लागतो. सासूबाईंना रेल्वेच्या पुलाचे जिने दिसत नसल्यामुळे सगळा प्रवास बसने. निघताना तिकिटासाठी सुटे घ्या, कंडक्टरला नोट दाखवलीत तर तो तुमचं खानदान विचारतो.

आग्रा रोडने भांडुप, विक्रोळी मागे टाकत तासाभरात घाटकोपर. स्टेशनजवळ गाद्यांची दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या एका शेठनी फुलाफुलांच्या सॅटिनची गुबगुबीत उशी पुढे ठेवली. हंड्रेड पर्सेंट प्युअर वूल, बेन, कुलूचा माल. सासूबाईंनी उशी नाकाशी नेली. मग शिवणीतून बोट घालून दोन तंतू ओढले आणि शेठकडे काडेपेटी मागितली. शेठना वाटलं आजी विडी ओढतात. त्यांनी आदबीने दिली. काडी लावल्याबरोबर तंतू वितळून काळा टपोरा मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास सुटला.

"ही मेंढी कुठल्या कारखान्यात चरती?" सासूबाईंनी विचारलं.

शेठ माणूस चांगले होते, हसले. म्हणाले, माजी, आमाला पण होलसेलवाला हेच बोलतो. ही परीक्षा लक्षात ठेवा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखी घाण येते, ज्योत काढली की आपण होऊन विझते आणि मागे चुरडून जाईल अशी राख उरते. फक्त काडी दुकानाबाहेर येऊन लावा. आम्ही कापसाच्या ढिगाशेजारी लावली, हे मला नंतर लक्षात आलं.

घाटकोपर ते अंधेरी हा रस्ता भूगोलाच्या पुस्तकात लहान आहे. प्रत्यक्षात साकीनाक्याला बस उभी राहिली की माणसं खाली उतरून चहा पिऊन परत त्याच बसमध्ये चढतात. सासूबाई खिडकीशी बसून वासावरून मुंबई ओळखत होत्या. इथं लोखंड कापत्यात. इथं बिस्किटं. इथं कुणीतरी बोंबील जाळला. शेवटचं त्यांनी माझ्याकडे तोंड करून सांगितलं. मी म्हटलं, "भाजलाय, जाळला नाही." हा आमच्यातला त्या सकाळचा सर्वांत मोकळा संवाद.

अंधेरीला हातमाग-लोकरीच्या मालाचं एक दुकान माहीत होतं. तिथली उशी खरी होती, काडीच्या परीक्षेतही पास. मी पर्स उघडली. सासूबाईंनी मात्र मूठभर लोकर काढून दाबली आणि सोडली. ती तशीच गोळा होऊन बसून राहिली. मग हुंगली. म्हणाल्या, हिला चुन्याचा वास येतो, ही मेलेल्या जनावराच्या कातड्यावरनं काढलेली. जित्या मेंढीची कातरलेली लोकर मुठीतनं सुटली की परत फुगती, आणि हाताला जरा तेलकट लागती. काउंटरवरचे गृहस्थ रागावतील असं वाटलं, पण त्यांचा नूरच पालटला. चष्मा काढून म्हणाले, "आजी, तुम्ही कुठल्या?" गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. बोरिवलीला पूर्वेकडे, डोंगराच्या अंगाला तुमच्याच भागातलं एक घोंगडीवाल्यांचं कुटुंब आहे, तिथे जा, माझं नाव सांगू नका.

समोरच्या हॉटेलात मी बटाटेवडे घेतले. सासूबाईंनी घरच्या भाकरीचं फडकं सोडलं आणि वेटरकडे फक्त एक कांदा मागितला. त्याने तो चार फोडी करून, बशीत घालून, लिंबासकट आणला आणि पैसे घेतले नाहीत. मुंबईवर लिहिणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यावी.

हायवेने गोरेगाव, मालाड, कांदिवली, आणि दीडच्या सुमाराला बोरिवली. पुढे रिक्षा. रिक्षावाला चढ सुरू झाल्यावर थांबतो आणि म्हणतो, इसके आगे आपका नसीब. पाच मिनिटं चढायचं आहे, म्हाताऱ्या माणसाचा हात धरून दहा. घर कुणालाही विचारा, दारात दोरीवर काळी घोंगडी टांगलेली असते.

घोंगडीवाल्या हौसाबाई सासूबाईंच्याच वयाच्या. नवरा आणि दीर घोंगड्या घेऊन विकायला गेलेले, घरात त्या एकट्या. आधी पाणी, मग गूळ, मग माहेर कुठलं, सासर कुठलं, पाऊस झाला का. अर्ध्या तासाने उशीचा विषय निघाला. त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. सासूबाईंनी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची लोकर बोटांनी चाचपली.

"जावळ हाय," त्या म्हणाल्या.

कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, बाळाच्या जावळासारखीच, म्हणून तेच नाव. तळहातावर ठेवली तर वजन कळत नाही, पण ऊब लगेच कळते. पांढरी शुभ्र नसते. पांढरी शुभ्र दिसली तर घेऊ नका, ती औषधाने मेलेली असते. थोडी कुसळं, थोडा वास असायलाच हवा. लोकर आठ दिवस वाऱ्याला ठेवली की वास जातो.

मापासाठी मी पिशवीतून वीट काढली. हौसाबाईंनी ती हातात घेतली, उलटी केली आणि चौकटीवर आपटली. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज आला.

"ही कुणी अशी केली?"

गेले अकरा महिने मी या प्रश्नाची तयारी करत होते. वाक्यं ठरलेली होती, त्यांत मुंबईची हवा, बुरशी, डॉक्टरांचा सल्ला असं सगळं होतं. मी तोंड उघडलं.

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "दिसत न्हाई ना. गरम पाण्यात पडली हातनं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना मी ढगासारखी दिसले असते. हौसाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या साबणाने सोललेल्या हातांकडे. म्हणाल्या, आमच्यात लोकर मुद्दाम तुडवून असं जेन करत्यात, बसायला. तुमी न शिकताच केलं की.

मग तिघी बसलो. लोकर बोटांनी सोडवायची, कुसळं वेचायची, एकेक पुंजका ओढून ढगासारखा करायचा. मला काम जमेना. सासूबाईंनी माझी बोटं धरून दाखवलं, ओढायचं न्हाई, मागायचं. हौसाबाईंनी विचारलं, एवढी घाई कशाची. तेव्हा सासूबाईंनी ऑपरेशनचं सांगितलं, आणि मला कधी सांगितलं नव्हतं तेही. गावात त्यांच्या थोरल्या जावेचा डोळा ऑपरेशननंतर असाच गेला होता. तिसऱ्या रात्री झोपेत तिने मान वळवली होती.

"म्हणून ढकलतीय," त्या म्हणाल्या. "जागी असेन तवर मी डोकं हलू देणार न्हाई. झोपेतलं कोण बघणार?"

"मी बघेन," मी म्हटलं.

त्यांनी पुढचा पुंजका माझ्या हातात दिला. हौसाबाईंनी खोळ भरली आणि वरून चार बोटं ठेवून मापली. जास्त झालेला एक पुंजका काढला आणि कडा दोऱ्याने घट्ट शिवल्या. बावीस रुपये सांगितले, वीस घेतले. निगा कशी ठेवायची तेही सांगितलं, ते जसंच्या तसं देते. उशीला पाणी दाखवायचं नाही, धुवायचा तो फक्त अभ्रा. पंधरा दिवसांनी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग सावलीत वारा. काठीने झोडपायची नाही, हाताने थोपटायची. पावसाळ्यात कसरीची कीड लागते, म्हणून अभ्र्याच्या आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. वर्षातून एकदा शिवण उसवून लोकर मोकळी करायची. फारच मळली तर लोकर बाहेर काढून गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात नुसती बुडवायची, पिळायची नाही. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळच्या बसने परत. साकीनाक्यापर्यंत सासूबाई उशी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. त्यानंतर उशी खिडकीला टेकली आणि त्या उशीला टेकल्या. घाटकोपरला बस बदलायला मला त्यांना दोनदा हाक मारावी लागली. घरी आल्यावर जेवायला उठवलं, तर म्हणाल्या, सकाळी.

बुधवारी ऑपरेशन झालं. तीन दिवस डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मधे चार बोटांची उशी. दिवसा आमचे हे बसायचे. झोपेच्या वेळेला मी, कपाळावर दोन बोटं टेकवून. मान एकदाही वळली नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी टाके पाहिले आणि कुठल्या कंपनीची उशी ते विचारलं. मी म्हटलं, कंपनी चार पायांची आहे.

फेब्रुवारीत जाड भिंगांचा चष्मा आला. सासूबाईंनी तो लावला, आमच्या घराच्या भिंती पाहिल्या, कॅलेंडर पाहिलं, आपल्या लेकाचं पोट पाहून नापसंतीने मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या आणि बघतच राहिल्या.

"तुझं केस कधी पिकलं गं?"

मी म्हटलं, झाली तीन-चार वर्षं.

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि जवळ बसायची खूण करून तेलाची बाटली मागितली.

बोरिवलीच्या त्या 'मीच'बद्दल मी त्यांना अजून विचारलेलं नाही. अकरा महिने त्या गप्प राहिल्या, आता मी आहे. मालवणची असून मला हे जमतंय, याचं माझं मलाच नवल वाटतं.